ढोबळी मिरचीचं जुन्या वाणाचं बी ट्रेमध्ये पेरून दोन आठवडे झाले तरी उगवलं नाही, ट्रे गार फरशीवर आहे आणि रोज पाणी घालणं चालू आहे, काय करू? आणि शेजारच्या कुंडीत तिखट मिरची असली तर पुढच्या वर्षीसाठी बी धरता येईल का?

ट्रे अजिबात फेकू नका. या बियांना उजेडापेक्षा ऊब लागते. माती 25 ते 30 अंश असेल तर आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात पण 18-20 अंशच असेल तर तेच बी तीन-तीन आठवडे पडून राहतं, आणि त्यात रोज पाणी ओतलं की आतल्या आत कुजतं. तुम्ही लिहिलंय ट्रे गार फरशीवर आहे आणि रोज पाणी देताय, माझ्या मते घोळ तिथेच आहे. ट्रे फ्रिजच्या डोक्यावर ठेवा, वरून प्लास्टिक झाका, आणि कोकोपीट (ट्रेमधला नारळाच्या काथ्याचा भुसा) हातात दाबल्यावर ओलसर लागेल पण पाणी गळणार नाही इतकंच ओलं ठेवा. बी अर्धा सेंटीमीटरपेक्षा खोल गेलं असेल तर वरचा थर थोडा खरवडून काढा. एक जरी कोंब दिसला की त्याच दिवशी झाकण काढून भरपूर उजेडात न्या, नाहीतर रोपं लांबुळकी होतात आणि बुडाशी काळी पडून मान टाकतात.

पुढचं तसं सोपं आहे. पाच-सहा खरी पानं (कोंबाच्या पहिल्या दोन पानांनंतर येणारी) आली की मोठ्या कुंडीत लावा, नत्राचं खत जास्त देऊ नका नाहीतर झाड नुसतं पाल्याने भरेल, आणि दिवसा 35 च्या वर तापमान गेलं की फुलं गळतात तेव्हा घाबरून औषधं मारत बसू नका, हवा निवली की परत फळं धरतात.

आता बी धरण्याचं, हा मला सगळ्यात जवळचा विषय आहे. जुन्या वाणाची खरी किंमतच ही की त्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तेच फळ येतं, हायब्रीडच्या बियांतून काय निघेल सांगता येत नाही. जिमी नार्डेलो नावाची गोड लांबट मिरची आहे, ती एका कुटुंबाने 1887 मध्ये इटलीहून अमेरिकेत नेलेल्या बियांतून आलीये आणि आज जगभर लोक लावतात, कारण घरात कोणीतरी दरवर्षी बी धरत राहिलं.

शेजारी तिखट मिरची असली तर मधमाश्या परागकण इकडून तिकडे नेतात. यंदाचं फळ गोडच राहील, ते बिघडत नाही, पण आतल्या बियांत तिखटपणा शिरलेला असू शकतो, आणि तिखटपणा वरचढ असल्यामुळे पुढच्या वर्षी त्या बियांची ढोबळी तिखट निघते. उपाय एकदम साधा आहे. कळी पांढरी होऊन फुगते पण अजून उमललेली नसते, तेव्हाच त्या फांदीवर ऑर्गन्झाची नाहीतर पातळ मलमलची छोटी पिशवी चढवून बांधा, आणि फूल उमललं की सकाळी पिशवीसकट फांदीला हलकी टिचकी मारा, मिरचीचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं त्यामुळे तेवढं पुरतं. वाटाण्याएवढं फळ दिसलं की पिशवी काढा आणि देठाला रंगीत दोरा बांधा, नाहीतर घरातलं कोणीतरी तेच फळ तोडून भाजीत घालणार हे नक्की! शक्य असेल तर एकाच झाडावर अवलंबून राहू नका, दोन-तीन निरोगी झाडांचं बी एकत्र करा, आणि पानं आकसून बोकड्या झालेल्या झाडाचं बी मात्र धरूच नका.

फळ हिरवं असताना काढून चालत नाही, पूर्ण लाल किंवा पिवळं, जो त्या वाणाचा पिकलेला रंग असेल तो आला पाहिजे आणि साल जरा सुरकुतायला लागली पाहिजे, त्याला हिरव्यानंतर आणखी तीन-चार आठवडे सहज लागतात. मग बी काढून सावलीत ताटलीवर पसरा, उन्हात नको. वाकवल्यावर बी वाकलं तर अजून ओलं आहे, कटकन मोडलं की बरणीत भरा, वर वाणाचं नाव आणि साल लिहा. गार कोरड्या जागी दोन-तीन वर्षं छान उगवतं, पुढे उगवण कमी होत जाते म्हणून दर दुसऱ्या वर्षी तरी ताजं बी धरत जा.