‘गरीब’ मुळात कोण?

एका तुर्की मालिकेत गडगंज श्रीमंत म्हातारीला सगळे ‘गारिप’ म्हणतात आणि खाली भाषांतर येतं ‘विचित्र’. हा आपलाच ‘गरीब’ का, असा प्रश्न आला आहे.

तोच! अरबीत ‘ग़रीब’ म्हणजे परका, परमुलखातला. ग़-र-ब या धातूत मावळणं, दूर जाणं आहे. सूर्यास्तानंतरची मगरिबची नमाज त्यातलीच आणि पश्चिमेकडच्या मोरोक्कोचं अरबी नाव ‘अल-मग़रिब’ हेही. परका माणूस चमत्कारिक वाटायचाच, म्हणून अरबी-तुर्कीत ‘विचित्र’ हा अर्थही आला. हिंदीवाले ‘अजीबोगरीब’ म्हणतात त्यातला गरीब हाच. त्याच्या खिशाशी आपल्याला काही कर्तव्य नाही.

फारसीत परकेपणाचा अर्थ आजही जिवंत आहे. मोहरमच्या दहाव्या दिवशी अंधार पडल्यावर शिया लोक ‘शाम-ए-गरीबां’ पाळतात. ती गोरगरिबांची संध्याकाळ नव्हे. करबलाच्या लढाईत आपली माणसं गमावून परमुलखात उघड्यावर पडलेल्यांची ती संध्याकाळ.

गंमत म्हणजे आपल्या दख्खनमध्येही हा अर्थ एके काळी चालत होता. बहमनी दरबारात इराण-तुराणातून आलेल्या परदेशी सरदारांना ‘आफाकी’ म्हणत, तसंच ‘गरीब’ही. त्यांचं आणि स्थानिक दखनींचं हाडवैर. १४८१ मध्ये मारला गेलेला वजीर महमूद गावान याच गटातला. म्हणजे बीदरला मोठा मदरसा बांधणारा वजीरही ‘गरीब’!

परक्या गावात ना ओळख ना पाळख, राहायला छप्पर नाही, अडीअडचणीला हाक मारावी असं कुणी नाही. तिथून ‘निर्धन’ या अर्थापर्यंतची वाट सरळ आहे. उर्दू-हिंदीत तोच अर्थ पक्का झाला, आपल्याकडेही.

पण मराठी तिथे थांबली नाही. ‘सून अगदी गरीब आहे हो, कुणाच्या अध्यात ना मध्यात,’ असं सासू कौतुकाने सांगते तेव्हा ती सुनेच्या माहेरची ऐपत काढत नसते. ‘गरीब गाय’ म्हणजे मारकी नसलेली, खाली मान घालून चालणारी. ज्याच्या पाठीशी कुणी नाही तो आवाज चढवत नाही. नाइलाजाची ती नरमाई आपण स्वभावाचा गुण करून टाकली. मला हा अर्थ सगळ्यांत आवडतो, आणि जरा खटकतोही.

बैलबाजारात मात्र त्याला रोख भाव आहे. ‘लई गरीब हाय, बारक्या पोरानं कासरा धरावा,’ असं म्हणत विकणारा हजारभर रुपये वाढवूनच सांगतो.