अलिबागला सहा महिने राहायला येतोय, जमेल ना?

प्रश्न: नमस्कार ताई. मी इस्रायलमधून, अश्दोदहून लिहितोय, वय ६४. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, जन्म अलिबागचा, इस्रायल आळीतला. १९६९ साली आईवडिलांबरोबर इकडे आलो तेव्हा आठ वर्षांचा होतो, घर वडिलांनी निघतानाच विकलं. २००८ मधे दहा दिवस येऊन गेलो, हॉटेलात उतरलो, फोटो काढले आणि परत, मन काही भरलं नाही. आता रिटायर झालोय, बायकोही तयार आहे, जानेवारी ते जून राहायचं म्हणतोय. पण मुलगी म्हणते पप्पा, तुमचं अलिबाग आता राहिलं नाही, तिथे सगळे मुंबईवाल्यांचे बंगले झालेत, उगाच त्रास करून घ्याल. माझं मराठी पण जुनं, घरातलं. कागदपत्रं काय लागतील, राहावं कुठे, आणि मी तिथे परका वाटेन का?

उत्तर: काका, मुलगी खोटं बोलत नाहीये. मांडवा, आवास, किहीम ह्या पट्ट्यात आता रस्त्याने जाताना कंपाउंडच्या भिंतीच दिसतात, नारळी-पोफळीच्या वाड्या होत्या तिथे स्विमिंग पूलवाले बंगले उभे राहिलेत. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट गाडीसकट आणून सोडते, त्यात जानेवारी २०२४ मधे अटल सेतू सुरू झाला, त्यामुळे शनिवार-रविवारी वडखळपासून ट्रॅफिक आणि किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही असं होतं. आम्हा इथल्यांना पण वाईट वाटतं, तुम्हाला तर वाटणारच. पण हे सगळं शुक्रवार रात्र ते रविवार संध्याकाळचं अलिबाग आहे, आणि दहा दिवसांच्या ट्रिपमधे नेमकं तेच डोळ्यात भरतं. सोमवारी सकाळी बाजारात गेलात की गाव परत गावासारखं असतं, म्हणून तुमचा सहा महिन्यांचा बेत मला फार आवडला.

कागदांचं म्हणाल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) काढा, टुरिस्ट व्हिसावर एवढं लांब राहायच्या भानगडीत पडू नका. तुमचा जन्म इथला, तुम्ही भारताचे नागरिक होतात, त्यामुळे बसता त्यात, फक्त जन्माचा दाखला किंवा वडिलांचा जुना पासपोर्ट असं काहीतरी शोधून ठेवा. तिकडच्या सक्तीच्या लष्करी सेवेमुळे बऱ्याच जणांचं कार्ड अडायचं, त्यावर जुलै २०१७ मधे पंतप्रधान मोदी तेल अवीवला आले होते तेव्हा अशांनाही कार्ड मिळेल असं जाहीर झालं. ओसीआय असलं की कितीही दिवस राहा, १८० दिवसांनंतरची नोंदणी वगैरे लागत नाही. मात्र ओसीआयवर शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही हे पक्कं लक्षात ठेवा, कारण तुम्ही परदेशातून आलात कळलं की एजंट पहिली तीच फाइल पुढे करतात.

राहायला बंगला नको. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना एका एजंटने महिन्याचं म्हणून जे भाडं सांगितलं ते रोजच्या रेटला तीसने गुणलेलं होतं! शहरातच, बाजारपेठेपासून चालत जाता येईल असा साधा फ्लॅट बघा, लिव्ह अँड लायसन्सचा रजिस्टर करार करा, आणि सगळं फोनवर ठरवण्यापेक्षा पहिले आठ दिवस लॉजवर काढून स्वतः फिरून घ्या. खर्चाला थोडी कॅश जवळ ठेवाच, मासळीवालीकडे पण आता स्कॅनर असतो, पण तुमचं इथलं बँक खातं होईपर्यंत तो तुमच्या कामाला येईलच असं नाही.

आता परकेपणाचं. काका, मी आळीच्या शेजारीच वाढले. शनिवारी स्टोव्ह पेटवायला एक आजी मला हाक मारायच्या, त्यांना शब्बाथला विस्तव चालायचा नाही. मी काडी ओढून पंप मारून द्यायचे. त्यांच्या नवीन वर्षाला त्या नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा करायच्या, गुलाबी रंगाचा, वर बदामाचे काप, आणि आमचं ताट आधी यायचं मग त्यांच्या घरात वाटप. त्या कधीच गेल्या, मुलं तुमच्याकडेच कुठेतरी आहेत. ही आठवण असलेली साठीची माणसं इथे बाजारात बसलेली असतात, तुम्ही नुसतं आडनाव सांगा, पेणकर, रोहेकर, नवगावकर काय असेल ते, समोरचा पुढचं स्वतःच विचारेल. आणि तुमचं जुनं मराठी हीच तर गंमत आहे, आमच्या आजीचे शब्द आता आमच्या मुलांच्या तोंडात राहिले नाहीत, ते तुमच्या तोंडून ऐकायला मला स्वतःला आवडेल.

जानेवारीत येताय ते बरोबरच आहे, तू बिश्वातला, म्हणजे तुमच्या झाडांच्या सणाला, अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनाबी ह्या प्रेषिताच्या ठिकाणी लोक जमतात, मलिदा होतो, काकूंना तिथेच बायकांची ओळख होईल. त्यानंतर पांढऱ्या कांद्याच्या माळा लागतात रस्त्याच्या कडेला, नवगावच्या दफनभूमीत जाऊन या, ओहोटी बघून कुलाबा किल्ल्यात चालत जा. मे महिना अंगावर येईल, घामाने जीव नकोसा होईल, पण तेव्हा पळू नका, पहिला पाऊस घेऊनच निघा. फक्त गेटवेच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा परतीचं रस्त्याने धरा.

जुनं घर बाहेरून बघा, मालकांना सांगितलंत तर ते आतही बोलावतील, पण रोज तिकडे जाऊन उभे राहू नका, त्याने मात्र खरंच त्रास होईल. त्यापेक्षा मागेन अबोथ सिनेगॉगमधे जात जा, म्हणजे तुमच्या घरात जिला मशीद म्हणत असतील ती, १८४८ ची, आत्ताची इमारत १९१० ची. आळीत आता मोजकीच घरं उरलीत, मिन्यानसाठी, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवताना धावपळ होते, मुंबई-ठाण्याहून कोणी आलंय का ते बघावं लागतं. तुमचं तिकीट झालं की घरमालकाच्याही आधी तिथे कळवा, की जानेवारी ते जून दर शनिवारी मी आहे, मला धरून मोजा.