ऐरोलीत राहतो, ८ वर्षांचा लॅपटॉप रखडतोय. पर्यावरणाच्या दृष्टीने दुरुस्ती बरी की नवा?

दुरुस्तीच. लॅपटॉपच्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो बनतानाच, चिप आणि स्क्रीनच्या कारखान्यांत, होऊन गेलेला असतो. वापरताना लागणाऱ्या विजेचा वाटा त्यापुढे सहसा कमी. हार्ड डिस्क असेल तर काढून २५६ जीबीची साटा एसएसडी (त्याच जागी बसणारी, चिपवर चालणारी वेगवान डिस्क) टाका, रॅम (चालू कामापुरती मेमरी) ८ जीबी करा. रॅम घेण्याआधी लॅपटॉपला डीडीआर३ लागते की डीडीआर४ (रॅमच्या दोन पिढ्या) ते बघा, दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, चुकीची बसतच नाही. (पातळ मॉडेलांत रॅम आतल्या मुख्य बोर्डावरच सोल्डर केलेली (डाग देऊन जोडलेली) असते, तिथे नाइलाज.) टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगली असणार: चार्जिंग बंद, टोचू नका.

अगदीच मेला तर दारावरच्या भंगारवाल्याला नको. तांब्यासाठी वायरी जाळतात, सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवतात. डिस्कवरचा डेटा पुसून नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरलाच द्या.