पाच-पाच वर्षांच्या वयोगटांवरून एकेका वयाची मृत्यूची शक्यता कशी काढायची?

तुमच्याकडे जिल्ह्याची वयोगटवार लोकसंख्या आहे (०–४, ५–९ असं करत ८५+), वर्षभरातले मृत्यूही त्याच गटांत आहेत, आणि साठ वर्षांचा माणूस एकसष्ट गाठण्याआधी जाण्याची शक्यता किती हे काढायचंय. मृत्यूंना लोकसंख्येने भागून पाचने गुणलं तर उतारवयात आकडे भलतेच येतात, असं तुम्ही लिहिलंय. येणारच. भागाकारातून मिळतो तो दर, शक्यता वेगळी.

दराच्या छेदात वर्षभरात सगळ्यांनी मिळून जगलेली वर्षं असतात. त्याऐवजी आपण १ जुलैची लोकसंख्या वापरतो (जनगणनेची तारीख १ मार्च, म्हणून चार महिन्यांची वाढ मिळवून घ्या). शक्यतेच्या छेदात मात्र गटात पाऊल टाकताना हयात असलेली माणसं असतात. गटात मरणारे सरासरी अडीच वर्षं जगून मरतात असं धरलं, तर:

शक्यता = ५ × दर ÷ (१ + २.५ × दर)

समजा ६०–६४ गटात २०,००० लोक आणि ४०० मृत्यू. दर ०.०२, सूत्राने पाच वर्षांची शक्यता ०.०९५२, नुसत्या गुणाकाराने ०.१०. इथे फारसं बिघडत नाही. पण ८०–८४ मध्ये दर ०.१२ असेल तर सूत्र ०.४६ देतं आणि गुणाकार ०.६०. दर ०.२० च्या पुढे गेला की गुणाकार १ ओलांडतो, म्हणजे शंभरातले शंभराहून जास्त मरतात!

आता एका वर्षाची शक्यता. ०.०९५२ ला पाचने भागू नका. जगण्याची शक्यता ०.९०४८, तिचं पाचवं मूळ ०.९८०२, म्हणून वर्षाची सरासरी ०.०१९८. यात साठ आणि चौसष्ट दोघांना एकच आकडा मिळतो, आणि पासष्टाव्या वर्षी एकदम पायरी लागते. तुम्हाला नेमकी साठचीच हवी आहे, म्हणून मी दरांचा लॉग (लॉगॅरिदम) घेऊन तो गटांच्या मध्यावर (५७.५, ६२.५, ६७.५) मांडेन आणि बिंदू सरळ रेषेने जोडेन. साधारण चाळिशी ते ऐंशीपर्यंत मृत्युदराचा लॉग जवळजवळ सरळ चढतो. बेंजामिन गॉम्पर्ट्झ या गणितज्ञाने हे १८२५ मध्येच मांडलं होतं. ५५–५९ चा दर ०.०१३ असेल, तर ६०.५ या बिंदूवर (साठ ते एकसष्टचा मध्य) दर येतो ०.०१६८ आणि वरचंच सूत्र एका वर्षाला लावून (५ च्या जागी १, २.५ च्या जागी ०.५) वर्षाची शक्यता ०.०१६७. सरासरीच्या ०.०१९८ पेक्षा बरीच कमी.

दोन्ही टोकांना हे सूत्र लावू नका. ०–४ गट आधी फोडा: शून्य वर्ष वेगळं, १–४ वेगळं. जनगणनेत तान्ही मुलं मोजायची राहून जातात, त्यामुळे शून्य वर्षाला छेद म्हणून जन्मांची नोंद घ्या, म्हणजे थेट शक्यताच मिळते. दरच वापरायचा असेल तर मरणारी मुलं सरासरी अर्धं वर्ष जगली असं धरणं चूक, कारण अर्भकमृत्यू बहुतेक पहिल्या काही आठवड्यांतले असतात. कोल आणि डेमनी या लोकसंख्याशास्त्रज्ञांच्या सूत्राने मुलग्यांसाठी हा जगलेला काळ (वर्षांत) ०.०४५ + २.६८४ × दर (दर ०.१०७ च्या खाली असेल तर), दर ०.०३ ला तो जेमतेम दीड महिना भरतो. वरच्या टोकाला, ८५+ ला, शक्यता १ आणि उरलेलं सरासरी आयुष्य १ ÷ दर: दर ०.१६ असेल तर सव्वासहा वर्षं. मात्र म्हातारपणी वय वाढवून सांगितलं जातं, ८५+ गट फुगतो आणि दर खोटा कमी दिसतो. शंका असेल तर सारणी (या वयवार शक्यतांचा तक्ता) ८०+ वर, नाहीतर ७५+ वरच बंद करा.

खरी मेख अंश-छेदाच्या जुळणीत आहे. मृत्यू जिथे घडला तिथे नोंदवला जातो. मोठी रुग्णालयं असलेल्या शहरात आजूबाजूच्या तालुक्यांतले मृत्यू जमा होतात, छेदात मात्र फक्त शहरातले रहिवासी. म्हणून मृत्यू नेहमीच्या पत्त्यानुसार मागा. काही मृत्यू नोंदवलेच जात नाहीत, तेव्हा तुमचे दर नमुना नोंदणी पद्धतीच्या (एसआरएस, म्हणजे निवडक वस्त्यांतल्या जन्म-मृत्यूंची सरकारी पाहणी) महाराष्ट्राच्या वयोगटवार दरांशेजारी ठेवून बघा. बहुतेक गटांत तुमचे दर सारख्याच प्रमाणात कमी येत असतील, तर आधी नोंदणीवर संशय घ्या, जिल्ह्याच्या आरोग्याचं कौतुक नंतर. शिवाय २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे २०११ नंतरचा छेद म्हणजे अंदाजच. गटात १६ मृत्यू असतील तर निव्वळ योगायोगाने दर सुमारे २५ टक्के इकडेतिकडे होतो, १०० असतील तर १० टक्के. तीन वर्षांचे मृत्यू एकत्र करा आणि त्यांना मधल्या वर्षाच्या लोकसंख्येच्या तिपटीने भागा.

मृत्यूंचे आकडे नसतील तर २००१ मधले २०–२४ आणि २०११ मधले ३०–३४ यांची तुलना करून जगण्याचं प्रमाण काढायची एक पद्धत आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाला ती लावू नका. त्या दशकात दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, पण मुंबईला नोकरीला गेलेला मुलगा या हिशोबात मेलेला दिसतो. जिथे तरुण बाहेरून येतात तिथे उलट: दहा वर्षांत गट वाढला, तर मृत्यूची शक्यता उणे येते.