आधी पाकीट फोडा

प्रश्न : माझे यजमान बुटीबोरीच्या एका कंपनीत होते. दिवाळीनंतर त्यांना घरी बसवलं. मानेवाड्याच्या फ्लॅटचा हप्ता 14,200 आणि लेकीच्या लग्नासाठी काढलेल्या पर्सनल लोनचा 6,850. डब्यांचे मला महिन्याला 9,000 सुटतात. दिल्लीच्या वकिलाची पाकिटं येताहेत. पहिलं यांनी पोस्टमनला परत करायला लावलं, दोन फ्रिजवर तशीच पडली आहेत. वसुलीवाला रात्री नऊला फोन करून ‘पोलीस पाठवतो’ म्हणतो. काय करू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, फ्रिजवरची पाकिटं आज फोडा. बँकेत असताना अशा नोटिशी मीही पाठवल्या आहेत. ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडून आलेलं पाकीट आम्ही न फोडता फाइलला टाचायचो. ते तुम्हाला मिळालंच, असं कोर्ट धरून चालतं.

आत चार पानं इंग्रजी असेल. तुम्ही फक्त कलम शोधा. चेक न वटता परत गेला असेल तर चेकच्या कायद्याचं 138, खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला असेल तर पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याचं 25. दोन्हींत पैसे भरायला नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस. हे प्रकरण फौजदारीत जातं, हलक्यात घेऊ नका. सरफेसीचं, म्हणजे गहाण मालमत्ता ताब्यात घ्यायच्या कायद्याचं, 13(2) दिसलं तर ती फ्लॅटची नोटीस. पैसे भरायची मुदत 60 दिवस. त्यात लेखी म्हणणं दिलंत तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. यातलं काहीच नाही, नुसतं ‘सात दिवसांत सगळी रक्कम भरा’ असं असेल, तर ते मागणीपत्र. निव्वळ हप्ता थकला म्हणून पोलीस घरी येत नाहीत हो. आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्येच बजावलंय. वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवा, बँकेला लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे.

आता पैसे. दोन्हीकडे थोडे थोडे टाकून काही साधत नाही. आधी डोक्यावरचं छप्पर. हप्ता 90 दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं, त्याआधी शाखेत जा. नोकरी गेल्याचं पत्र लावून मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. साहेब तोंडी ‘बघू’ म्हणतील, आम्हीही म्हणायचो. मोबाइलवरच्या ॲपचं कर्ज काढून हा हप्ता भरायचा विचारही नको.

सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. पर्सनल लोन लोकअदालतीत तडजोडीला नेता येईल. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून डब्यांची वही बघूनच आकडा कबूल करा.

यजमानांना सोबत न्या, कर्ज त्यांच्या नावावर असेल तर सही त्यांचीच लागेल. आणि परत गेलेलं पहिलं पाकीट कोणत्या तारखेचं, ते पोस्टमनला विचारून ठेवा. त्यातले दिवस केव्हाचे मोजले जाताहेत.