चीनमधल्या शिआनला जाताय? सकाळी रिकाम्या पोटी बाहेर पडा

शिआनच्या मुस्लिम मोहल्ल्यात रात्री झगमगाट असतो, पण खरं खायचं तर सकाळी जा. तेव्हा झंगगाओ गरम मिळतो. चिकट तांदूळ, लाल बोरं आणि राजमा थराथराने लावून मोठ्या भांड्यात तासन्‌तास वाफवतात; बोरांचा रस भातात उतरून तो तपकिरी होतो. वाफ निघतेय तोवरच खा! नंतर पर्सिमॉन या नारिंगी फळाच्या गराची तळलेली शिझबिंग घ्या, आत गोड सारण असतं. दोघांत एकच घ्या, फार पोटभरीची आहे. दुकानं हुई या चिनी मुस्लिम समाजाची, त्यामुळे डुकराची चरबी नसते. इतरत्र मात्र ती गोड पदार्थांतही असू शकते, विचारूनच घ्या. आणि हो, अलीपे हे पैसे द्यायचं ॲप निघण्याआधीच सुरू करून ठेवा.