ओले केस लांब, वाळले की आखूड!

प्रश्न: ताई, माझे कुरळे केस न्हाल्यावर पाठीवर येतात नि वाळले की खांद्यावर, वाढतच नाहीयेत का? आई म्हणते स्ट्रेटनिंग कर.

उत्तर: अगं वाढतायत, महिन्याला साधारण १ सेंमी! पाण्याने केसातले हायड्रोजन बंध सुटतात, वजनाने केस ताणला जातो आणि वाळताना बंध परत जुळले की तो आपल्या मूळ वळणावर जातो, हेच श्रिंकेज, यात बिघाड काहीच नाही. फक्त कोरडे केस विंचरू नकोस, कंडिशनर लावून ओल्यातच रुंद दातांचा कंगवा, टोकांपासून वर. लांबी दिसायला हवी तर ओलसर असतानाच सैल वेण्या घालून वाळू दे. स्ट्रेटनिंग मात्र नको गं, केस कमजोर होतात आणि मुळातून नवीन येणार ते कुरळेच.